गोल केलेले चेहरे

शेजारच्या शिंपिणीला कॉम्प्युटरवर तिच्या आजोबांचं दुकान सापडलं, आणि त्या दिवसापासून सासूबाईंच्या जिवाला चैन पडेना.

दुकान म्हणजे काय, तर जुन्या बाजारपेठेचा एक करडा फोटो, त्याच्या कोपऱ्यात पाटी आणि पाटीवर अर्धवट दिसणारं आडनाव. राज्याच्या जुन्या दप्तरांची एक वेबसाइट निघाली होती. नकाशे, वर्तमानपत्रं, फोटो, सगळं स्कॅन करून तिच्यावर टाकलेलं. गावाचं नाव घालायचं, साल घालायचं, की आपल्याच गल्लीचं जुनं रूप समोर हजर! शिंपीण तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन दारोदार मिरवून आली. सासूबाईंनी तोंडभरून कौतुक केलं. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि सुनेला हळूच विचारलं, "अगं, यात माणसंही सापडतात का गं?"

कुठलं माणूस ते सुनेला विचारावं लागलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्या माणसाबद्दल ऐकत होती.

सासूबाईंचा थोरला भाऊ गावातल्या कापडगिरणीत कामाला होता. आवाज असा की गिरणीत त्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे. गिरणीत मोठा संप झाला तेव्हा घोषणा द्यायला तोच पुढे. संप मोडला, बऱ्याच जणांना पोलिसांनी उचललं, त्यात तोही होता. सुटून आला तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं. गिरणीनं कामावर घेतलं नाहीच, दुसरीकडेही कोणी उभं करेना. एका सकाळी "जरा काम बघून येतो" म्हणून जो बाहेर पडला, तो परत आला नाही. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्या काळी माणसं फोटो लग्नात काढायची, आणि त्याचं लग्न व्हायचं होतं.

"सापडतील की," सून म्हणाली. "बघते मी."

सून एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टर, मेण आणि लोकांचे जबडे. माणूस समोर आला की आधी त्याची हनुवटी दिसायची, मग माणूस, अशी तिची नजरच होऊन गेली होती. सासूबाईंची कवळीही तिनंच बसवली होती. खालचा जबडा किंचित पुढे आलेला. नवऱ्याचाही तसाच. "तुमच्या घराण्याची ओळख मी अंधारातही पटवीन," असं ती थट्टेनं म्हणायची.

तिनं शोध घ्यायला सुरुवात केली ती दुपारच्या डब्याच्या सुट्टीत. आधी वर्तमानपत्रं चाळली. संपाच्या बातम्या होत्या, पण आतल्या पानावर, चार-सहा ओळींच्या. 'काही इसमांना ताब्यात घेण्यात आले.' कोण इसम, कुणाचे, काही पत्ता नाही. मग तिला वेबसाइटवर आणखी एक भाग दिसला. जुन्या पोलीस ठाण्यांमधून आलेले फोटो. तिथे गिरणीचं नाव घातल्यावर एकच फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'गिरणीच्या फाटकाबाहेरील जमाव. छायाचित्रकार अज्ञात.'

तिनं फोटो मोठा केला. फाटक, फाटकाबाहेर डोकीच डोकी. काही डोक्यांभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलेले. ती एकेका गोलावर थांबत गेली. आणि एका गोलात तिला तो जबडा दिसला. तोंड उघडं, हात वर, मानेच्या शिरा ताठ. पंचविशीतला तिचा नवराच जणू कुणीतरी त्या गर्दीत उभा केला होता.

तिच्या तोंडून "सापडला!" असं निघालंसुद्धा. पलीकडचा कंपाउंडर दचकला.

पण मग तिची नजर त्या गोलावर खिळली. गोल खालून सुरू झालेला, हनुवटीपाशी, आणि परत हनुवटीपाशी येऊन जरासा पुढे निसटलेला, एक छोटी शेपूट सोडून. सगळ्याच गोलांना तशी शेपूट होती.

ही शेपूट तिनं लहानपणापासून पाहिली होती.

तिचे वडील फोटोग्राफर. सगळं गाव त्यांना 'फोटोकाका' म्हणायचं. गिऱ्हाइकासमोर छोटे छोटे नमुने पसरून, जो फोटो मोठा करायचा त्याच्यावर ते लाल मेणाच्या पेन्सिलीनं गोल करायचे. हनुवटीपासून सुरू, हनुवटीपाशी शेवट, आणि पुढे ती शेपूट. ती शाळेत असताना त्यांची नक्कल करायची आणि ते हसायचे.

तिनं फोटोची खालची कड पाहिली. तिथे एक जाड काळी पट्टी आडवी गेली होती. ती वडिलांच्या स्टुडिओच्या खिडकीखालच्या पाटीची वरची कड होती. त्याच खिडकीत बसून तिनं अभ्यास केला होता. तिथून गिरणीचं फाटक समोर दिसायचं. आता फाटक नव्हतं, त्या जागी फर्निचरचं मोठं दुकान झालं होतं, पण खिडकी तीच होती.

समोरचा डबा तसाच राहिला.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामासाठी कायम फिरतीवर असायचा. तिनं त्याला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "आईला मामा दाखव. बाकीचं कशाला दाखवतेस?"

"गोल दिसणारच ना डोक्याभोवती."

"जुन्या फोटोवर डाग पडतात, सांग. आता तिचं वय काय, तुझ्या बाबांचं वय काय! रविवार सुखाचा जातोय दोघांचा, तो कशाला नासवायचा?"

रविवारचं म्हणाल तर खरंच होतं. तिची आई गेल्यापासून वडील स्टुडिओच्या वरच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दर रविवारी विहिणीकडे पत्ते खेळायला यायचे. गल्लीत दोघांच्या भांडणाचे आवाज जायचे. "व्याहीबुवा, बाहीत पान आहे तुमच्या!" "विहीणबाई, बाही झटकून दाखवतो, पण मग तुमच्या पदराचाही हिशोब द्या!" लोक म्हणायचे, व्याही असावेत तर असे.

सुनेनं नवऱ्याचं ऐकलं. फोटोतला तेवढा चेहरा कापून मोबाइलमध्ये घेतला आणि संध्याकाळी सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी चष्मा पुसला, परत लावला. मग बोट पुढे करून त्यांनी पडद्यावरच्या गालाला हात लावला, तर फोटो एकदम मोठा झाला आणि त्या घाबरल्या. "अगंबाई! दादाच की गं हा. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलंय बघ. मी लावून देणार होते." आणि मग, "हे डोक्याभोवती लाल काय?"

"डाग असेल, आई. जुना फोटो आहे."

खोटं एकदा बोललं की त्याची पिल्लं होतात. सासूबाई म्हणाल्या, "रविवारी व्याहीबुवांना सांगते, मोठा करून द्या म्हणून. त्यांच्याइतका हात कुणाचा आहे गावात?"

त्यांना अडवायला सुनेला निमित्त सुचेना.

रविवारी वडील आले. पत्ते पिसले गेले. डाव वाटण्याआधीच सासूबाईंनी मोबाइल त्यांच्या हातात दिला. "बघा कोण ते. ओळखा पाहू!"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं वडिलांचा चेहरा पाहिला. ते दचकले नाहीत की घाबरले नाहीत. फक्त फोटोकडे बघताना त्यांचे ओठ हळूहळू आत गेले, दात नसलेल्या माणसाचे जातात तसे.

"कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं.

"सुनेनं काढला हुडकून. माझा दादा. हा डाग तेवढा काढून, मोठा करून द्याल ना? भिंतीवर लावते."

"देतो," वडील म्हणाले. त्या दिवशी ते सगळे डाव हरले आणि सासूबाईंना वाटलं, आज व्याहीबुवा मुद्दाम हरताहेत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर सून सरळ स्टुडिओवर गेली. खालचं दुकान आता भाड्यानं दिलेलं होतं, वर वडिलांची खोली. टेबलावर दिवा ओढून ते बसले होते. समोर छापलेला फोटो, चांगला मोठा. हातात बारीक कुंचला. त्यांनी गोल पुसला होता. नुसता पुसला नव्हता, गोलाखाली झाकलेला केस न् केस, मागच्या माणसाचा खांदा, फाटकाची सळई, सगळं पुन्हा भरलं होतं. तिथे कधी काही होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"बघ," ते म्हणाले, "डाग गेला."

"डाग?" ती म्हणाली. "बाबा, मला पूर्ण फोटो मिळालाय. आपल्या खिडकीतून काढलेला."

त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला. पाणी करडं झालं.

"गोल तुम्ही केलेत."

"पोलिसांचा साहेब आला होता," ते म्हणाले. "खालचं शटर त्यानंच ओढलं. म्हणाला, फोटो छान आलाय, पण आम्हाला कोण कुठला कळत नाही. तुम्ही गावातले. अख्ख्या गावाचे चेहरे तुमच्याकडे. ओळखून द्या."

"आणि तुम्ही दिलेत."

"नाही दिले असते तर मलाच त्यांच्यात नेऊन बसवलं असतं. मला वाटलं, बोलावतील, दम देतील, सोडतील. कुणी मारतील असं वाटलं नव्हतं गं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि आता खोटं कशाला बोलू? साहेब म्हणाला, काय नजर आहे हो तुमची! तेव्हा मला बरं वाटलं. दोन-चार चेहरे तर त्यानं विचारलेही नव्हते."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. माणूस घाबरला, हे ती कशीतरी गिळू शकली असती.

ती उठून खिडकीशी गेली. समोर फर्निचरच्या दुकानातले दोन हमाल एक सोफा दारातून तिरका करून आत घालत होते. तिला एकदम आठवलं, तिचं स्थळ आलं तेव्हा आईनं नाक मुरडलं होतं. दोन खोल्यांचं घर, मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. वडील मात्र त्याच दिवशी हो म्हणून मोकळे झाले होते. आई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "मला त्या घरात का दिलंत?"

"चांगली माणसं होती."

"चांगली होती म्हणून, की त्यांच्या घरातलं एक माणूस घालवलं होतंत म्हणून?"

मागे कुंचला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "दोन्ही," ते म्हणाले.

ती तो फोटो घेऊन निघाली. जिन्यात तिला इतका राग आला की तिनं कठडा धरला आणि नुसती उभी राहिली. तिचा संसार चांगलाच झाला होता. नवऱ्यावर तिचा जीव होता, सासूबाई तिला कधी उणं बोलल्या नव्हत्या. तरीही कुणीतरी आपल्याला वस्तूसारखं उचलून एका रिकाम्या जागी ठेवून दिलं, असं तिला वाटत राहिलं.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना समोर बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. गोल, खिडकी, साहेब, सगळं. फक्त शेवटचं, तिच्या लग्नाचं, सांगितलं नाही.

सासूबाईंनी तोंडातली कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली. त्यांना कुणाशी बोलायचं नसलं की त्या असंच करायच्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी कवळी घालून त्या स्वयंपाकघरात आल्या. "मला अख्खा फोटो दाखव," म्हणाल्या.

सुनेनं कॉम्प्युटर लावला. सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि एकेका लाल गोलावर बोट ठेवत गेल्या. "हा कोण? हा?" सुनेला माहीत नव्हतं. "हीसुद्धा कुणाची तरी पोरं असतील," त्या म्हणाल्या. "कुणीतरी हुडकत बसलं असेल माझ्यासारखं. त्यांना बोलव."

"कुणाला?"

"तुझ्या वडिलांना. त्यांना सगळे चेहरे ओळखू येत होते ना? आता येऊन सांगू देत."

वडील पहिल्यांदा यायला तयार होईनात. छातीत दुखतंय म्हणाले, नजर गेली म्हणाले. सून फोनवर म्हणाली, "काल कुंचल्यानं एकेक केस भरत होतात, बाबा." मग ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. दारात थांबले. सासूबाई "या" म्हणाल्या नाहीत, पण टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती.

फोटोखाली 'आपणांस माहिती असल्यास लिहा' अशी चौकट होती. मधे सून, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला सासूबाई. वडील पडद्याकडे वाकायचे आणि सांगायचे, हा सुतारआळीतला, याचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. हा जुळ्यांतला धाकटा. याला बहीण होती, पायानं अधू. पन्नास वर्षांनंतरही एकही चेहरा चुकत नव्हता. सून लिहीत होती. सासूबाई त्यांच्याकडे पाहतही नव्हत्या. भावाची पाळी आली तेव्हा वडील थांबले. सासूबाईंनीच सांगितलं. नाव, घर, गिरणीतलं खातं, आणि "आवाज मोठा होता, तेही लिही."

सगळं झालं. वडिलांनी काठी हातात घेतली.

"अजून एक राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "गोल कुणी केले ते लिही."

सुनेची बोटं थांबली.

"विहीणबाई," वडील म्हणाले, "ते मी गेल्यावर लिहा. मी आता असा कितीसा राहिलोय?"

"तुम्ही गेल्यावर लिहिलं तर लोक म्हणतील, मेलेल्या माणसावर चिखल उडवला. तुम्ही आहात तोवर कुणाला पटलं नाही तर तुम्हाला विचारता येईल."

दोघंही तिच्याकडे बघत होती. नवऱ्याचं म्हणणं काय असेल ते तिला ठाऊक होतं. वडिलांचं समोर दिसत होतं. नाही लिहिलं असतं तर सासूबाईंनी तिला एका शब्दानं विचारलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. तिनं लिहिलं. 'फोटो समोरच्या स्टुडिओच्या खिडकीतून काढला. लाल खुणा फोटोग्राफरनं पोलिसांच्या सांगण्यावरून केल्या. ते माझे वडील.' आणि बटण दाबलं.

वडील जिना उतरून गेले. त्यांना पोचवायला कुणी उठलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. काही जण म्हणाले, गाडलेली मढी कशाला उकरायची. काही जण स्टुडिओखालून जाताना मान वर करून बघायचे आणि थुंकायचे. एका सकाळी पाटीवर डांबर फासलेलं होतं. नवरा फिरतीवरून आला आणि दोन दिवस बायकोशी धड बोलला नाही. "तुझ्याच बापाला चव्हाट्यावर आणलंस," म्हणाला. सासूबाईंनी ते ऐकलं आणि मुलाला म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. लिहायला मीच सांगितलं." त्यांनी भावाचा फोटो दुसऱ्या गावातल्या दुकानातून छापून आणला, लाल गोलासकट, आणि भिंतीवर लावला. वडिलांनी साफ केलेला कपाटात पालथा ठेवला. फाडला मात्र नाही.

त्या चौकटीत लोक लिहू लागले. जुळ्यांतल्या थोरल्याच्या नातवानं लिहिलं. अधू बहिणीच्या मुलानं नुसतं 'आभार' लिहिलं. आणि बऱ्याच आठवड्यांनी कुठल्याशा लांबच्या बंदरातून एका बाईचा मजकूर आला, सासूबाईंच्या भावाबद्दल.

सून तो मोठ्यानं वाचू लागली. तो गृहस्थ त्यांच्या खाणावळीत जेवायला असायचा. गोदीत वजनं करायचं काम. लग्न केलं नाही. गाव विचारलं तर दुसऱ्याच गावाचं नाव सांगायचा. फार कमी बोलायचा, इतकं की पोरं त्याला मुका समजायची. तापानं गेला, त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली. फोटोतला चेहरा बघून बाईंच्या भावानं ओळखलं. पुढे लिहिलं होतं, 'आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ते उठून जायचे. माझ्या लग्नातसुद्धा गेले.'

सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "मुका?" त्या म्हणाल्या. "माझा दादा?" मग पदर तोंडाला लावून इतक्या मोठ्यानं रडल्या की शिंपीण धावत आली.

पुढच्या रविवारी सून डबा घेऊन वडिलांकडे गेली. मधल्या काळात ती दोनदाच गेली होती, दारातूनच डबा देऊन परतली होती. आज ती बसली. वडील खूप वाळले होते. ते जेवत असताना तिनं बंदरावरून आलेलं सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"विहीणबाई काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"रडल्या."

"माझं काही...?"

"नाही. तुमचं नाव काढत नाहीत."

त्यांनी मान हलवली. तिनं ताटं घासली, त्यांनी फडक्यानं पुसली. तिच्या लहानपणी दोघं फोटो धुवायची तसंच, ती हातात देणार, ते कोरडं करणार. ती चपला घालायला लागली.

"पुढच्या रविवारी काय आणू?" तिनं विचारलं.

"तू येणार आहेस?"

"येईन."

"विहीणबाईंना चालेल?"

"मी विचारलं नाही," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.